आमचे साडू आणि भैरोबाचं खातं

ज्याच्याजवळ हेवा करण्यासारखं काहीही नाही आणि तरीही ज्याचा हेवा केल्याशिवाय माझा एक दिवस जात नाही, असा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मुक्काम शेवगाव. उंची बेताची, केस पुढून गेलेले, पोट सदऱ्याच्या गुंड्यांशी भांडणारं आणि बुडाखाली एक स्कूटर, जिला सायकलवाले घंटी वाजवून मागे टाकतात. उलट मी दूध संघात कायम नोकरीवर, संगणक विभागाचा प्रमुख (विभागात मी एकटाच आहे, पण प्रमुख आहे), राहुरीत स्वतःचं घर, दात सगळे शाबूत. सरळ हिशेबाने पाहिलं तर हेवा त्यांनी माझा करायला हवा. पण त्यांना हेवा करताच येत नाही. याचाही मला हेवा वाटतो.

साडूंच्या खांद्याला कायम एक खाकी पिशवी असते. शेवगावात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे पिशवीत स्क्रू ड्रायव्हर आणि वायरींची भेंडोळी असायची हे ठीक आहे, पण त्यांच्या शेजारीच अडकित्ता, सुपारी आणि लसणाच्या चटणीची बाटली असायची. ही चटणी ते स्वतः कुटतात आणि कुणाच्याही घरी, कसल्याही पंगतीत, समोर काहीही वाढलेलं असो, बाटली उघडून ताटाच्या डाव्या बाजूला चमचाभर ठेवून घेतात. एकदा होळीला आमच्याकडे पुरणपोळी होती. माझ्या बायकोने सकाळपासून राबून पुरण शिजवलेलं, आणि या गृहस्थांनी पोळीला चटणी लावली. मी मनातून फार सुखावलो. आता हिचा पारा चढणार आणि दाजींचं कौतुक एकदाचं संपणार अशी माझी खात्री होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, दाजी, मलाबी जरा द्या. मी लग्नानंतर एकदा आमटीत मीठ कमी आहे एवढंच म्हणालो होतो, तर त्यावर अजून बोललं जातं.

दुरुस्तीची त्यांची पद्धत तर कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. यंत्र उघडण्याआधी ते विचारत, 'ह्येच्यावर बसतं कोन?' मग त्या बसणाऱ्या माणसाला पुढ्यात घेऊन त्याची चौकशी चाले. झोप लागते का, घरी कोण कोण, पाठ दुखते का. एका शाळेतल्या कारकुनाचा संगणक सारखा अडकत होता म्हणून साडूंना बोलावलं होतं, आणि माझं नशीब असं की मी त्यांच्याबरोबर होतो. साडूंनी दुपारभर त्या कारकुनाच्या बदलीची, सासूच्या आजारपणाची आणि हेडमास्तरांच्या स्वभावाची हकिगत ऐकली, दोनदा चहा घेतला आणि संगणकाला हातही न लावता निघाले. पुढच्या आठवड्यात कारकुनाचा फोन, की मशीन झकास चालतंय, तुमच्या हाताला गुण आहे. मी चिडून साडूंना विचारलं की बिघाड होता तरी काय? ते सुपारी कातरत म्हणाले, 'त्यो बटनं रागानं दाबत हुता.' मी संगणकशास्त्राची पदविका घेतली आहे. त्यात हा बिघाड शिकवलेला नाही.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं ही एक शिक्षाच आहे. राहुरीहून शेवगावला जाताना वाटेत जो भेटेल त्याच्याशी त्यांचं नातं निघतं. नेवाशाच्या अलीकडे पंक्चर काढणारा त्यांच्या आत्याच्या दिराचा मावसभाऊ निघाला, उसाच्या गाडीवरचा टोळीमुकादम त्यांच्या चुलतबहिणीच्या सासरचा, आणि ज्याच्याशी काहीच निघालं नाही त्या एका म्हाताऱ्याला त्यांनी सरळ मामा म्हणून टाकलं. मी या रस्त्याने किती वर्षं जातोय, मला रस्त्यातल्या हॉटेलचा पोऱ्या अजून 'ओ चष्मेवाले' म्हणतो.

पण खरं दुखणं आमच्या सासुरवाडीला आहे. आमचे सासरे नेवाशाजवळच्या गावात राहतात, चांगली बागायत शेती, तापट स्वभाव. अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला दोन्ही जावई जातो. मी गेलो की सासरे उठून उभे राहतात, जावईबापू म्हणतात, मला खुर्ची देतात, माझ्या प्रकृतीची विचारपूस करतात आणि मग आम्ही दोघं समोरासमोर गप्प बसतो. थोड्या वेळाने फाटकाशी स्कूटर वाजते आणि सासऱ्यांच्या अंगात वारं संचारतं. किती उशीर, काय अवतार हा, पोट बघा कुठं चाललंय, तुझ्यासारख्या येड्याला पोरगी दिली हीच माझी चूक, असा तोंडाचा पट्टा सुरू होतो तो जेवणं होईपर्यंत. साडू हसत हसत ओट्यावर बसून सासूबाईंना लसूण सोलून देतात. पहिली काही वर्षं मला वाटायचं, बरं झालं, मला मान आहे. पुढे कळायला लागलं की सासऱ्यांनी मला कधी एक साधी शिवीसुद्धा दिलेली नाही. मान मला मिळतो आणि घर त्यांना. एकदा मी मुद्दाम उशिरा गेलो होतो. सासरे म्हणाले, रस्ता खराब होता का हो.

तर अशा परिस्थितीत माझी म्हणून या जगात एकच जागा उरली होती, ती दूध संघातली सर्व्हरची खोली. संघाच्या गावोगावच्या संकलन केंद्रांवर दूध मोजलं जातं, त्याची फॅट बघितली जाते, आणि ती प्रत्येक नोंद येऊन पडते ती माझ्या खोलीतल्या सर्व्हरमध्ये. प्रत्येक केंद्राचं त्यात एक खातं आहे, खात्याला नाव आणि पासवर्ड. आत कुणी यायचं आणि कुणी नाही हे ठरवणारी खात्यांची यादी त्या सर्व्हरच्या पोटात असते, आणि त्या यादीला हात लावायचा अधिकार साऱ्या संघात फक्त मला. त्या खोलीत मला विचारल्याशिवाय पान हलत नव्हतं. तिथे दाजी नव्हते.

म्हणजे, एका उन्हाळ्यापर्यंत नव्हते. मग सासूबाईंनी दिलेला आमरसाचा डबा पोचवायला साडू संघात आले, व्हरांड्यात चेअरमन भेटले, चेअरमनांच्या आजोळाशी नातं निघालं आणि माझे ग्रह फिरले. आमचे चेअरमन शेतकरी माणूस, मनाने चांगले, पण दर महिन्याला पासवर्ड विसरतात आणि मी तो नवा करायला लावतो म्हणून माझ्यावर रुसलेले. 'तुमच्या ह्या सर्व्हरपरीस माझ्या म्हशी बऱ्या, मला वळखत्यात तरी,' असं ते चारचौघांत म्हणायचे. साडू येऊन गेल्यापासून त्यांनी नवीनच धरलं, की हे सगळं काम तुमच्या साडूंकडे देऊन टाकू, माणूस हसतमुख आहे, आणि तुमची सोय आपण शीतकरण केंद्रावर करू. शीतकरण केंद्र म्हणजे दिवसभर दुधाच्या कॅनांवर लक्ष ठेवायचं. मी घरी सांगितलं तर बायको म्हणाली, दाजींना काम मिळंल तर बरंच हुईल की. त्या रात्री मी जेवलो नाही. तिच्या ते लक्षात आलं नाही हा भाग वेगळा.

अशात दसरा आला. दसऱ्याला संघात यंत्रांची पूजा असते. वजनकाट्यांना, फॅटच्या मशीनांना, टँकरना आणि सर्व्हरलाही झेंडूचा हार पडतो. आमच्या संघाची एक जुनी रीत आहे, की सभासदांमध्ये पहिला सभासद भैरोबा. संघ निघाला तेव्हा गावाने देवाचं नाव आधी घातलं आणि मग माणसांची. त्या दिवशी पूजा झाल्यावर चेअरमनांनी प्रसादाचा पेढा हातात धरून मला विचारलं की कॉम्प्युटरच्या यादीत देवाचं नाव आहे का? मी म्हणालो, सभासदांत आहे. ते म्हणाले, तसं नव्हे, आत कुणाला घ्यायचं ती जी मूळ यादी तुम्ही सांभाळता, तिच्यात. मी म्हणालो, त्यात कसं असेल, देव कुठे दूध घालतो. झालं. त्यांचा चेहरा पडला. शीतकरण केंद्र माझ्या डोळ्यांपुढून सरकून गेलं आणि मी म्हणालो, आत्ता घालतो.

नवं खातं उघडायची सर्व्हरची एक रीतसर आज्ञा असते. पण ती आज्ञा नवं नाव यादीच्या शेवटी टाकते, आणि चेअरमनांना देव सगळ्यांत वर हवा होता. म्हणून मी मूळ यादी उघडली आणि सर्वांच्या डोक्यावर एक ओळ स्वतःच्या हाताने घातली. नाव भैरोबा. पासवर्डची जागा रिकामी, कारण देवाला पासवर्ड मागायचा कुणी. कुठल्या केंद्रावरून येणार ती जागाही रिकामी, कारण देव कुठूनही येतो. चेअरमनांनी हात जोडले, सगळ्यांनी चांगभलं म्हटलं, आणि देवाचं नाव नीट बसावं म्हणून मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. सर्व्हर जागा झाला की आधी ती यादी वाचतो. त्याला पहिलीच ओळ अर्धवट दिसली आणि त्याने सगळी यादीच नाकारली. मग कुणालाच आत घेईना. केंद्रांना नाही, चेअरमनांना नाही, मलासुद्धा नाही. माझा पासवर्ड मी पुनःपुन्हा टाकत होतो आणि माझ्याच खोलीत मला ओळख मिळत नव्हती.

उपाय मला माहीत होता, हे मी इथे ठामपणे सांगतो. अशा वेळी सर्व्हरला यादी न बघता उठवता येतं. मग तो कुणालाही, पासवर्ड न विचारता आत घेतो, त्यामुळे आधी बाहेरची वायर काढून ठेवायची, आत जायचं, ती बिघडलेली ओळ काढायची आणि पुन्हा नेहमीसारखं चालू करायचं. चहा निवायच्या आत होणारं काम. मी वायर काढली, सर्व्हर तसा उठवला, आत गेलो, ओळ समोर दिसली आणि मी म्हणालो, आता हे नाव पुसतो. चेअरमन माझ्यापुढे येऊन उभे राहिले. 'दसऱ्याच्या दिशी देवाचं नाव पुसायचं? माझ्या कारकिर्दीत? ते हुनार न्हाई.' मी समजावलं, हात जोडले, ही नुसती ओळ आहे म्हणालो, आणि तेच चुकलं. देवाला नुसती ओळ म्हणणाऱ्या माणसाच्या हाती संघ कसा ठेवायचा, असं ते हिशेबनीसांना म्हणाले, मला ऐकू येईल असं. दुपार कलत होती. संध्याकाळचं दूध निघायची वेळ होत होती, केंद्रांवरून फोन येत होते, आणि दुधाला दसऱ्याची सुट्टी नसते. चेअरमनांनी खिशातून मोबाईल काढला, माझ्या साडूंना लावला आणि सगळा प्रकार सांगितला.

ते वाटेतच होते, सोनं द्यायला आमच्या घरी निघालेले. आले. अंगात नवा कोरा शर्ट, खिशात आपट्याची पानं. आल्या आल्या हिशेबनीसांना, शिपायाला आणि सर्व्हरला सोनं दिलं, चेअरमनांच्या पाया पडले आणि मला विचारलं, 'देव बसवला कुनी?' मी म्हणालो, मी. चेअरमन सांगू लागले, की तुम्ही हे आता हातात घ्या, बाकीचं आपलं बोलणं झालेलंच आहे. मी खुर्चीवरून उठायला लागलो.

साडूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि चेअरमनांकडे वळून म्हणाले, 'पुसायचं कशाला? उठवायचा. बसवलेला देव उठवावाबी लागतो. घट न्हाई का आजच उठलं घरोघरी?' चेअरमन विचारात पडले. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. साडूंनी पूजेच्या ताटातल्या अक्षता घेतल्या, उत्तरपूजेला बसल्यासारखे तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि अक्षता माझ्या हातात दिल्या. चेअरमन म्हणाले, 'तुमीच करा की.' तेव्हा साडू जे बोलले ते मला शब्दाला शब्द आठवतंय. 'तसं न्हाई चालत, सायेब. ज्यानं बसवला त्यानंच उठवायचा. हितला यजमान ह्यो हाय. यजमान मधी बदलत न्हाईत.'

मी कीबोर्डवर अक्षता टाकल्या आणि ओळ काढली. भैरोबा यादीतून उठून चेअरमनांच्या केबिनमधल्या तसबिरीत परत गेला, अशी सर्वांनी समजूत करून घेतली. मी सर्व्हर नेहमीसारखा चालू केला, वायर जोडली, आणि पहिल्या केंद्राची नोंद येऊन पडली तेव्हा खोलीत टाळ्या वाजल्या. त्या माझ्याकडे बघून वाजल्या नव्हत्या हे मी पाहिलं. काम केलं मी, उपाय मला माहीत होता, बटन दाबलं माझ्या बोटाने, आणि पेढ्याचा बॉक्स साडूंच्या हातात. वर चेअरमन म्हणाले, बघा, केवढं मन, सगळं करून मोठेपणा दुसऱ्याला दिला. घरी आलो तर बायकोचा पहिला प्रश्न, दाजी जेवून गेले का? तांदळाचा एक दाणा अजून कुठल्याशा बटनाखाली अडकलेला आहे आणि ते दाबलं की करकरतं. शीतकरण केंद्राचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. यजमान बदलत नाहीत हे चेअरमनांनी मनावर घेतलं, आणि आता तर नव्या कर्मचाऱ्यांना माझी ओळख ते हितले यजमान अशीच करून देतात.

मी पुष्कळ दिवस हे सगळं डोक्यात घोळवत राहिलो, की हा माणूस नुसत्या चार अक्षता टाकून माझ्या खोलीतसुद्धा माझ्यावर कडी करून गेला. मग दिवाळीनंतर बायको बहिणीला भेटून आली. रात्री भांडी आवरताना तिने सांगितलं. शेवगावचं दुकान पावसाळ्यातच बंद झालं होतं. आता सगळ्यांचं सगळं मोबाईलवर, दुरुस्तीला कॉम्प्युटर आणणार कोण. चेअरमनांनी साडूंना काम देतो म्हणून सांगितलं होतं आणि साडूंनी हो म्हटलं होतं, माझी सोय दुसरीकडे झाली असं त्यांना कळवलेलं होतं. दसऱ्याच्या दिवशी ते सोनं द्यायला निघाले तेच तो नवा शर्ट घालून, संघात जाऊन कामाचं पक्कं करून येतो असं आक्कांना, म्हणजे हिच्या बहिणीला, सांगून. खोलीत येऊन त्यांनी माझा चेहरा बघितला असणार. परत जाऊन आक्कांना म्हणाले, तिथली जागा भरलेली हाय.

आता ते चाकणला एका कंपनीच्या गोदामात आहेत. दिवसपाळी, रात्रपाळी. या अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला त्यांना सुट्टी मिळाली नाही. सासरे उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली, प्रकृती विचारली. जेवणं वेळेवर झाली. कुणाला शिव्या मिळाल्या नाहीत. सासऱ्यांचं लक्ष सारखं फाटकाकडे जात होतं, आणि सांगायला काय हरकत आहे, माझंही जात होतं. हा माणूस हजर नसतानाही पंगतीतली सगळी जागा घेऊन बसतो, याचा मला त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त राग आला.

परवा राहवेना म्हणून संघातून त्यांना फोन लावला. सर्व्हर पुन्हा अडलाय, काही सुचत नाही, एक दिवस येऊन जाता का, असं म्हणालो. सर्व्हरला काहीही झालेलं नव्हतं, माझ्यासमोर छान चालू होता. पलीकडे कसलीतरी मशीन घरघरत होती आणि कुणीतरी त्यांना लवकर या म्हणून हाक मारत होतं. साडूंनी सवयीप्रमाणे विचारलं, 'त्येच्यावर बसतं कोन?'

मी म्हणालो, मीच की.

'मग झालं तर,' ते म्हणाले. 'तुमी हाय न्हवं तितं.'